अठ्ठावन्न वाघिणी

निंभोऱ्याला येऊन अकरा दिवस झाले
आणि मी अजून बूट उशाशी घेऊन झोपते.
खिडकीत काठोकाठ भरलेला पेला,
टॉर्च, पासपोर्ट, शिट्टी.
आई केर काढताना बूट उचलत नाही.
भोवतीनं झाडते.

लोक येतात. चहा होतो.
देविदासकाका विचारतात, "मले सांग वं,
जमीन हालते म्हन्जे नेमकी कशी हालते?
झोक्यावानी का बैलगाडीवानी?"
आधी फोन ओरडतात, मी सांगते, सगळ्यांचे एकदम,
मग खालून कोणीतरी सतरंजी ओढतं.
"सतरंजी," काका मान हलवतात, समाधानानं,
आणि केयीच्या भावाकडं वळतात.

सगळ्यांना तो पहिला, मोठा धक्का हवा असतो.
नंतरच्यांचं कोणी विचारत नाही.
अंगाला साबण लावलेला असताना,
घास तोंडाशी असताना,
पोस्टाच्या रांगेत.
रांग तुटत नाही. सगळे नुसते दिव्याकडं बघतात,
दिवा झुलायचा थांबला की पुन्हा पुढच्याच्या पाठीकडं.
कोणी हळूच म्हणतं, "तीन."
दुसरं कोणी, "तीन नसावा, चार."
आमच्याकडं हातात घेऊन घडाचं वजन सांगतात
तसं.

कुमागाई सर पाण्याच्या दाबावर बोलत होते.
एका शब्दाच्या मध्येच आला.
आम्ही बाकांखाली,
सर एका हातानं फळा धरून,
दुसऱ्या हातातला खडू तसाच वर.
थांबल्यावर त्यांनी शब्दाचा उरलेला अर्धा भाग म्हटला
आणि पुढे शिकवत राहिले.
त्या रात्री मी रडले.
भीतीनं नव्हे बहुतेक.

शेजारच्या ओनोदेराबाई, वय एक्याऐंशी,
नळ बंद होते तेव्हा माझ्या दाराशी बादली ठेवून जायच्या.
वर चिठ्ठी: फेगादे-सान, हे उकळलेलं नाही.
एवढंच.
त्यातली माया सापडायला मला आठवडा लागला.
मी निघाले तेव्हा म्हणाल्या, घरचे वाट बघत असतील.
आणि वाकल्या. मी वाकले. त्या आणखी वाकल्या.
टॅक्सीवाला घड्याळ न बघता उभा.
मला जायला दुसरं घर होतं
म्हणून मी गेले:
हे वाक्य मला तिन्ही भाषांत नीट बोलता येत नाही.

काल दिवेलागणीला पेल्यातलं पाणी थरथरलं.
मी बुटांत पाय घालून थेट उंबऱ्यात.
आई बट्ट्या तळत होती, वळलीसुद्धा नाही.
"खंडव्याकडची हाये," म्हणाली. "भरेल."

रूळ आमच्या घरापासून दोन शेतं.
मांडणीवरची ताटं किणकिणायला लागली.
आई सांगत होती, मावशीच्या सुनेनं
काल पाहुण्यांच्या वरणात
आम

आणि थांबली. झारा तेलावर धरलेला,
चेहऱ्यावर काहीच नाही,
जशी पोस्टाच्या रांगेत उभी.
मी अंधारात, आवाजावरून, वाघिणी मोजल्या.
लहानपणी मोजायचे तशा.
अठ्ठावन्न. मग गार्डाचा डबा, हलका.

सूल टाकलं, आई म्हणाली. "शोभते का?"

मी तिच्याकडं बघत राहिले.
किती वर्षं हिनं अशी वाक्यं जोडली असतील,
दिवसातून तीस-चाळीस वेळा,
आणि मला वाटायचं, घरी सगळं सलग बोलतात.

ओनोदेराबाईंना हे लिहायला हवं.
पण बट्टीला तिकडं काय म्हणू?

बूट काढले नाहीत मी.
तशीच जेवायला बसले,
दोन्ही देशांत हे पापच.
आई काही बोलली नाही.
तिनं फक्त माझा पाट
जरासा दाराकडं सरकवला.